दातातली दोन वर्षं

आपल्या नवऱ्याची, दिगंबर निकमची, दाढ ज्योत्स्नानं वाचायला घेतली तेव्हा त्याला जाऊन आठ महिने झाले होते. जिवंतपणी त्यानं या गोष्टीला साफ नकार दिला होता. चार वर्षांपूर्वी त्याची अक्कलदाढ काढली, तेव्हा डॉक्टरांनी हल्लीच्या रिवाजाप्रमाणे ती सीलबंद कुपीत घालून त्याच्या हातावर ठेवली. घरी येताना रिक्षात तो सुजलेल्या गालानं हसत म्हणाला, "तुझ्या माकडांचे दात वाच बाई. माझा राहू दे." ज्योत्स्ना "बरं" म्हणाली, आणि कुपी कपाटात गेली.

काढलेला दात परत देण्याचा हा रिवाज पडला, त्याला एका परीनं ज्योत्स्नाच कारण होती. पुण्यातल्या ज्या संस्थेत ती जीवाश्मांचा अभ्यास करत होती, तिथं तिच्या गटानं वर्षानुवर्षं खपून एक यंत्र उभं केलं होतं. त्यामागचा हेतू साधा होता. शिवालिकच्या टेकड्यांत लाखो वर्षांपूर्वी हिंडणारी वानरं काय खात होती, ते शोधायचं.

दातावरचं एनॅमल हे शरीरातलं सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत इमानी द्रव्य. हाड आयुष्यभर झिजतं आणि भरून येतं. एनॅमल एकदा घडलं की घडलं. दात हिरडीच्या आत तयार होत असताना ते रोज एकेक झिरझिरीत थर चढवत जातं, आणि त्या दिवसांत पोटात गेलेल्या अन्नाचा अंश त्या थरात कायमचा कोंडला जातो. त्यातला नायट्रोजन हलका आणि जड असा दोन प्रकारचा असतो. पाला खाणाऱ्या प्राण्याच्या अंगात जड नायट्रोजन थोडा, त्या प्राण्याला खाणाऱ्याच्या अंगात जास्त, आणि त्यालाही खाणारा कुणी असेल तर त्याच्या अंगात आणखी जास्त. म्हणून थरातला जड नायट्रोजन मोजला, की तो जीव कुणाच्या जिवावर जगत होता ते कळतं. खडकातून पाण्यात आणि पाण्यातून अन्नात उतरणारं स्ट्रॉन्शियम त्याचा मुलूख सांगतं. पूर्वी यासाठी दाताचा बराचसा भाग कुटून भुकटी करावी लागे. नव्या यंत्राचा लेसर केसाहून बारीक रेघ ओढायचा आणि महिन्यामहिन्याची हकीकत बाहेर काढायचा.

मग व्हायचं तेच झालं. यंत्र वानरांवरून माणसांवर आलं. विमा कंपन्या दात मागू लागल्या. परदेशातली मंडळी पणजोबांची दाढ पाठवून आपलं मूळ गाव विचारू लागली. 'पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी' म्हणवणाऱ्या एका घराण्यात आजोबांच्या दातावरून भावाभावांतलं बोलणं बंद पडलं. पेपरातली ही बातमी ज्योत्स्नानं मोठ्यानं वाचून दाखवली, तेव्हा ती हसून हसून बेजार झाली होती. दिगंबरही हसला होता, पण जरासा उशिरा.

त्यानं लहानपणाबद्दल कधी काही सांगितलं नाही. साताऱ्याजवळच्या एका वसतिगृहात तो वाढला, शिकला आणि गणिताचा शिक्षक झाला. निकम हे आडनावही त्याचं नव्हतं. कुणी निकम गुरुजी त्याला बाराव्या वर्षी वसतिगृहात आणून सोडून गेले आणि वर्षभरातच वारले. वसतिगृहानं त्यांचंच नाव पुढे चालवलं.

"पण त्याआधी कुठं होतास?" लग्नाआधी तिनं विचारलं होतं.

"आठवत नाही गं."

बारा वर्षांच्या मुलाला काहीच कसं आठवत नाही, हे तिला पटलं नव्हतं. पण प्रेमात पडलेल्या माणसाला असले प्रश्न पुढे ढकलता येतात, आणि एकदा ढकलायची सवय लागली की आयुष्य सरतं. एका सकाळी वर्गात शिकवताना दिगंबर फळ्याशीच कोसळला आणि प्रश्न तसाच राहिला.

तो गेल्यानंतर तिला त्याची आठवण यायची ती तर यायचीच. पण त्याहून विचित्र अशी एक ओढ हळूहळू तिच्या मनात घर करू लागली. जो दिगंबर तिचा होता, त्याचे फोटो होते, कपडे होते, फोनमध्ये आवाज होता. जो तिचा कधीच नव्हता, तो दहा-बारा वर्षांचा पोरगा मात्र कुठंच नव्हता. तो कसा दिसत असेल, कुणाच्या मांडीवर झोपत असेल, त्याला काय म्हणून हाक मारत असतील? त्या पोराची तिला भूक लागावी तशी ओढ लागली. अक्कलदाढेचं एनॅमल साधारण नवव्या वर्षी धरायला लागतं आणि तेराव्याच्या सुमाराला पुरं होतं, हे तिच्याइतकं चांगलं दुसरं कोण जाणत होतं?

एका रविवारी दुपारी संस्थेत कुणी नसताना तिनं कुपीचं सील तोडलं.

यंत्रानं तासाभरात आलेख काढून दिला. पहिला धक्का जागेचा होता. सातारा, पुणे, घाटावरचा सगळा मुलूख हा काळ्या कातळाचा. त्यातलं स्ट्रॉन्शियम वेगळं असतं. दाढेच्या सुरुवातीच्या थरांत मात्र फार जुन्या, ग्रॅनाइटसारख्या खडकाची खूण होती. ऑक्सिजनही नेहमीपेक्षा जड होता. उघड्या तळ्याचं पाणी उन्हानं उडून जाताना हलका ऑक्सिजन आधी जातो आणि जड मागे राहतो, म्हणजे हा पोरगा तळ्याचं पाणी पीत होता. जुना खडक आणि तळी यांची जोडी नकाशावर घालून तिनं शोध घेतला, तर यंत्रानं भंडारा-गोंदियाकडचा एक छोटासा टापू रंगवला.

दुसरा धक्का अन्नाचा. नायट्रोजन पहिल्यापासून चांगलाच जड होता. भात खाणाऱ्या मुलखात, तळ्याकाठी, याचा अर्थ एकच. मासे! ज्योत्स्नाच्या लिंगायत माहेरी अंडंसुद्धा घरात येत नसे, आणि तिनंही संसारात तेच चालवलं. दिगंबरनं कधी मासे मागितले नाहीत. बाहेरही कधी खाल्ले नाहीत.

तिसरी गोष्ट तिला लागली. दहाव्या वर्षापासून नायट्रोजनची रेघ आणखी वर चढली होती आणि पुढची दोन वर्षं वरच राहिली होती. म्हणजे त्या घरात खाण्याची चंगळ होती. मग बाराव्या वर्षी खडकाची खूण एकदम बदलून काळ्या कातळाची झाली, आणि त्याच ठिकाणी नायट्रोजनही धपकन खाली आला. वसतिगृहाची भाकरी-आमटी.

तिनं चेन्नईला मुलीला, केतकीला, फोन लावला.

"आई, बाबा नको म्हणाले होते ना?" केतकीनं पहिलं तेच विचारलं.

"हो."

"मग?"

"मग काय, केतू? त्याचं घर होतं. खातंपितं घर होतं. दोन वर्षं तर पानात रोज मासळी नाहीतर मटण असणार. असलं घर सोडून आला आणि मला म्हणाला आठवत नाही. एवढी वर्षं माझ्या हातचं वरण-भात गिळत बसला. मी कोण होते त्याची?"

"तू आत्ता त्यांच्याशी भांडतेयस," केतकी हळूच म्हणाली. "भांड. पण त्या दाढेशी नको भांडूस. त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांना सांगायचं नव्हतं. राहू दे आता."

ज्योत्स्नानं राहू दिलं. आलेख मिटला आणि महिनाभर त्याच्याकडे पाहिलं नाही. राग मात्र राहिला. आणि गेलेल्या माणसाचा राग येणं फार एकटं करतं. त्याचा निचरा व्हायला समोर कुणी नसतं.

पुढचं जे घडलं ते एका हाडामुळे.

ज्योत्स्नाचं नाव जगभर झालं होतं ते शिवालिकमध्ये मिळालेल्या एका वानराच्या जबड्यामुळे. दात बारीक, म्हणून प्राणीही पाच-सहा किलोचा धरलेला. त्याच्या एनॅमलमध्ये जड नायट्रोजन इतका निघाला, की ज्योत्स्नाच्या गटानं जाहीर केलं: हा किडे, सरडे, पक्ष्यांची पिल्लं मारून खाणारा जीव. पेपरवाल्यांनी त्याला 'शिकारी वानर' केलं. एका कंपनीनं त्याचं चित्र छापून प्रथिनांची भुकटी विकायला काढली.

सॅम्युअल रणदिवे हा तिचा बरोबरीचा सहकारी, मूळचा नगरचा, शांत आणि चिकाटीचा माणूस. त्या दिवशी तो तिच्या खोलीत आला आणि म्हणाला, "मॅडम, जरा बसता का?" ती बसलेलीच होती. त्यानं टेबलावर मांडीच्या हाडाचा वरचा भाग ठेवला.

"जबडा निघाला त्याच थरातलं आहे, हातभर अंतरावर. त्याच प्राण्याचं, यात मला शंका नाही. वजनाचा अंदाज तीन पद्धतींनी काढला." त्यानं घसा खाकरला. "तीस किलोच्या वर जातंय."

ज्योत्स्नानं हाड हातात घेतलं. त्याच्या जाडीवरून तिला ते आधीच कळलं होतं.

वानरांच्या जगात अंगाचं माप बरंच काही ठरवतं. चिमुकल्या वानराचं शरीर झपाट्यानं जळतं. त्याला थोडं पण कसदार अन्न लागतं, म्हणून ते किड्यांवर जगू शकतं. मोठ्या वानराला पोट भरेल इतके किडे दिवसभरात सापडणंच अशक्य. त्याला फळं आणि पाला लागतो, आणि ते पचवायला त्याच्याकडे मोठं पोट असतं. तीस किलोचं हे जनावर, फळं चुरडायच्या बोथट दाढांचं, किडे-सरड्यांवर दोन दिवससुद्धा तगलं नसतं.

"मग नायट्रोजन?" सॅम्युअल म्हणाला. "मोजणी चुकलेली नाही. मी परत करून पाहिली."

ज्योत्स्ना हाड फिरवत राहिली. उत्तर तिला माहीत होतं. पाठ्यपुस्तकात एका ओळीत असलेलं, आणि सहसा कुणाला न लागणारं. बाहेरून काही मिळेनासं झालं, की शरीर स्वतःचे स्नायू मोडून जाळायला लागतं. ते स्वतःलाच खातं. मग आलेखात मांस खाणारा आणि उपाशी मरणारा हे दोघं अगदी सारखे दिसतात.

"तो शिकार करत नव्हता, सॅम्युअल," ती म्हणाली. "तो उपाशी होता."

म्हणाली, आणि हाड टेबलावर ठेवायला गेलेला तिचा हात तसाच राहिला.

दिगंबर पाच फूट एक इंच होता. लग्नाचा शर्ट मुलांच्या विभागात मिळाला म्हणून सगळ्यांनी त्याची चेष्टा केली होती, आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली होती. पंजे आणि खांदे मात्र मोठे, उंच माणसाला शोभतील असे. जणू वाढता वाढता मधेच कुणी त्याला थांबवलं होतं.

सॅम्युअल काहीतरी विचारत होता. तिनं संगणकावर दाढेचा फोटो उघडला. जिथं रेघ वर चढली होती, बरोबर तिथं एनॅमलमध्ये काळपट पट्टे होते. शरीर हाल सोसतं तेव्हा पडतात ते. तिनं ते पहिल्या दिवशीच पाहिले होते. पाहिले होते, आणि मासळीच्या रागात पुढे गेली होती.

"मॅडम, पाणी आणू का?" सॅम्युअल म्हणाला.

"नको. आपला निष्कर्ष मागे घेतल्याचं निवेदन आजच लिहू या," ती म्हणाली. "आणि मला थोडी रजा हवी आहे."

गोंदियाला उतरून तिनं गाडी केली. यंत्रानं रंगवलेल्या टापूत लहानमोठी बरीच गावं होती, आणि प्रत्येक गावाला तळं. गावाचं तळं मोठं असलं तर लोक तलाव म्हणत, लहान असलं तर बोडी. तो शब्द ऐकून ती चमकली. एकदा केतकी लहान असताना पावसाचं डबकं बघून दिगंबर तिला म्हणाला होता, "बोडीत नको जाऊ." ज्योत्स्नाला तेव्हा तो लाडाचा काहीतरी निरर्थक शब्द वाटला होता.

पहिल्या दोन गावांत कुणाला काही ठाऊक नव्हतं. चिचबोडी नावाच्या तिसऱ्या गावात, पारावरच्या एका म्हाताऱ्यानं निकम गुरुजी म्हणताच मान वर केली.

"होते ना! सातारकडचे. बदली होऊन गेले, अन्‌ जाताना ढीवर मोहल्ल्यातलं एक पोरगं संग घेऊन गेले. सगुनाबाईचा दिगा." त्यानं तळ्याच्या बाजूला बोट केलं.

दाराशी पन्नाशी उलटलेली एक बाई उकडलेले शिंगाडे सुपात पसरत होती. ज्योत्स्नानं आपलं नाव सांगितलं आणि फोनमधला फोटो पुढे केला. बाईनं तो बराच वेळ पाहिला. मग सूप बाजूला सरकवलं.

"दिगादादा," ती म्हणाली. "मी पुस्तकला. त्याची बहीन."

दोघी ओट्यावर बसल्या. पुस्तकलानं सांगितलं ते असं. बाप तापानं गेला. त्याच साली तलावाचा ठेका बाहेरच्या माणसाकडे गेला आणि मासेमारीवर जगणाऱ्या ढिवरांना तळ्यात जाळं टाकायची बंदी झाली. डोळ्यांपुढे तलाव भरलेला, आणि घरात काही नाही. पुढच्या साली पाऊसही आला नाही. माय धान कांडायला जाई, कोंडा आणे, त्याची पेज करी. धाकटा भाऊ त्यातच गेला. "दादा आपल्या वाट्याची पेज मले देऊन देये," पुस्तकला म्हणाली. "म्हने, माहं पोट भरलं."

ज्योत्स्नाला आलेखातली ती चढती रेघ दिसली.

"गुरुजी म्हनाले, तिकडे वसतिगृह आहे, दोन टाइम जेवन भेटते. मायनं पाठवला. मंग गुरुजीची काही खबर नाही, दादाची काही खबर नाही. आमाले लिहिता वाचता येये ना, जावं कुठं?" पुस्तकलानं डोळे पुसले. "कसा आहे तो?"

ज्योत्स्नानं सांगितलं. पुस्तकला तोंडावर पदर दाबून रडली. मग घाईघाईनं तिचा हात धरून कुजबुजली, "वहिनी, मायले नका सांगू. डोळ्यानं दिसत नाही तिले, ऐंशीच्या वर गेली. आजून दाराकडे कान देऊन बसते. जिता आहे म्हना, बिमार आहे म्हना, येनं झालं नाही म्हना. तुमचं काय जाते?"

"बरं," ज्योत्स्ना म्हणाली.

सगुनाबाई मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसली होती. इतकी लहानखुरी, की गोधडीची गुंडाळी वाटावी. पुस्तकलानं तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "माय, साताऱ्याकडून बाई आल्या. दिगादादाची घरवाली."

म्हातारीनं हात पुढे केला. ज्योत्स्नानं तो हातात घेतला. पंजा मोठा होता, बोटं लांब.

"तो नाही आला?"

खोटं ज्योत्स्नाच्या ओठावर तयार होतं. प्रवास झेपत नाही, पुढच्या खेपेला येतील. पण पुढची खेप म्हटली की ही बाई त्या खेपेची वाट पाहणार होती. पंचेचाळीस वर्षं दाराकडे कान लावून बसलेल्या माणसाला आणखी एक दिवस वाट पाहायला लावणं तिच्यानं होईना.

"नाही, आई. ते गेले. वर्ष होत आलं."

पुस्तकला भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. म्हातारीनं हात काढून घेतला नाही. तळ्याकडून बगळ्यांचा कलकलाट तेवढा ऐकू येत होता.

"जाताना माहा पदर सोडे ना," ती शेवटी म्हणाली. "गुरुजी ओढत, अन्‌ हा पदर सोडे ना. मंग मी म्हनली, परत आला त दारात घेनार नाही तुले. माय मेली समज. तसा सोडला त्यानं पदर." ती थांबली. "राग धरला असन माहा."

ज्योत्स्नाला काहीही म्हणता आलं असतं. "मला ठाऊक नाही, आई," ती म्हणाली. "ते कधी बोलले नाहीत. मलाही नाही सांगितलं."

म्हातारीनं मान हलवली, जणू तिला हेच उत्तर हवं होतं किंवा हेच अपेक्षित होतं. मग ती थोडी पुढे झुकली आणि विचारायला फार मोठी गोष्ट असावी तशी आवाज खाली आणून म्हणाली, "पोटभर जेवे का?"

दाढेचा शेवटचा तुकडा, जिथं रेघ खाली येऊन सरळ झाली होती, तो ज्योत्स्नाला आठवला. पण तो काही कामाचा नव्हता. त्यापुढचं सगळं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"जेवायचे," ती म्हणाली. "सकाळी दोन भाकरी, ज्वारीच्या. त्यावर लोणी. मेथीची भाजी असली तर तिसरी."

"लोनी?"

"हो. घरचं. मी काढायची. दुपारी डबा न्यायचे शाळेत, पोळ्या आणि उसळ. मटकीची आवडायची. डबा कधी भरलेला परत आला नाही."

"मंग?"

"संध्याकाळी आले की चहाबरोबर चिवडा. शेंगदाणे आधी वेचून खायचे, मुलीला मिळू द्यायचे नाहीत. दोघं भांडायचे."

म्हातारीच्या तोंडावर काहीतरी हललं. पुस्तकला येऊन शेजारी बसली.

"रात्री भात लागायचाच. वरण-भात, वर तूप. सणाला पुरणपोळी. एका वेळी पाच-पाच खायचे. मी म्हणायची, पुरे आता, आजारी पडाल."

"अन्‌ पडे का?"

"नाही, आई. पचायचं त्यांना."

"मंग?" सगुनाबाई म्हणाली. तिनं ज्योत्स्नाचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि भिंतीला पुन्हा नीट टेकून बसली. "सांग. अजून काय काय खाये?"

ज्योत्स्ना सांगत राहिली. उन्हाळ्यातला आमरस, पावसाळ्यातली भजी, केतकीच्या वाढदिवसाची बासुंदी. ऊन पडवीतून अंगणात आणि अंगणातून तळ्यावर गेलं. पुस्तकला उठून चूल पेटवायला गेली. म्हातारी प्रत्येक पदार्थ ऐकून क्षणभर ओठ मिटायची, घास गिळावा तशी, आणि पुढचा मागायची.